कार्बोरेटरच्या जुन्या इंजिनाला इंजेक्शनचा मॅनिफोल्ड: आधी मोजा, मधे वेल्ड करा, शेवटी मशीनला लावा

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीत आर्गॉन वेल्डिंगवाला, लेथवाला आणि व्हीएमसीवाला (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन ज्याच्याकडे असतं तो) एकाच गल्लीत सापडतात. म्हणूनच असेल, जुन्या गाडीला इंजेक्शन बसवायला निघालेले बरेच जण पहिल्याच दिवशी पाइप कापायला घेतात. मॅनिफोल्ड, म्हणजे हवा प्रत्येक सिलिंडरपर्यंत नेणारा नळ्यांचा जोड, दिसायला झकास होतो. गाडीवर चढवताना मात्र कळतं की मधल्या दोन नटांवर पाना जात नाही, इंजेक्टरचं कनेक्टर डिस्ट्रिब्यूटरला टेकतंय, बॉनेट बोटभर उघडं राहतंय आणि फ्लँज (हेडवर आवळली जाणारी जाड प्लेट) केळ्यासारखा वाकलाय. तरीही पॅकिंगला सिलिकॉन थापून तो आवळला जातो. गाडी सुरू होते, आयडलिंग वर-खाली नाचतं आणि दोष ईसीयूच्या (इंजेक्शन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) माथी मारला जातो.

यातली बहुतेक भानगड कामाच्या क्रमाची असते. वेल्डिंग हा या कामाचा शेवट नाही, ते मधलं काम आहे. ज्या जागांना अचूक माप लागतं त्या, म्हणजे फ्लँजच्या तोंडाचा सपाटपणा, इंजेक्टरची भोकं आणि थ्रॉटल (हवा कमी-जास्त करणारी झडप) बसतो तो चेहरा, वेल्डिंगनंतरच फिनिश करायच्या असतात. खालचा सगळा क्रम त्यावरच बेतलेला आहे.

हिशेबासाठी कॉन्टेसा क्लासिकचं १८१७ सीसीचं इसुझू इंजिन धरलंय (बोअर ८४ मिमी, स्ट्रोक ८२ मिमी). तुमचं इंजिन वेगळं असेल तर आकडे बदला, पद्धत तीच. ईसीयूचं वायरिंग आणि मॅपिंग हा स्वतंत्र विषय आहे, तो इथे घेतलेला नाही.

## १. बनवायचा की शोधायचा, हे आधी ठरवा

मारुती ८००, एस्टीम, १.३ लिटरची जिप्सी यांची इंजिनं पुढे कंपनीनेच एमपीएफआयमध्ये (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) दिली. अशा गाडीसाठी आधी भंगार बाजार पालथा घाला. कंपनीचा ओतीव मॅनिफोल्ड, त्यावरची रेल (इंजेक्टरांना पेट्रोल देणारी नळी), थ्रॉटल बॉडी आणि सेन्सर एका फटक्यात मिळाले तर घरी बनवण्यात काही हशील नाही. पोर्टचा (हवा हेडमध्ये शिरते त्या भोकाचा) आकार आणि स्टडची जागा आपल्या हेडशी जुळते का, एवढं पॅकिंग लावून बघा.

जुन्या १४८९ सीसी पेट्रोल अ‍ॅम्बेसेडरची गोष्ट उलटी आहे. त्या हेडमध्ये १ आणि २ नंबरच्या सिलिंडरला मिळून हवेचं एकच पोर्ट आहे, ३ आणि ४ ला दुसरं. जोडीतल्या दोन सिलिंडरचे सक्शन एकापाठोपाठ येतात, त्यामुळे पोर्टात मारलेलं पेट्रोल एकजण जास्त ओढतो आणि दुसरा उपाशी राहतो. साध्या ईसीयूने हे सांभाळलं जात नाही. तिथे चार इंजेक्टरच्या नादी लागू नका. कार्बोरेटरच्या जागी इंजेक्टर असलेली थ्रॉटल बॉडी बसवणं शहाणपणाचं.

बाकी, ज्या हेडला चार सिलिंडरची चार स्वतंत्र पोर्टं आहेत, त्यांच्यासाठी पुढचं वाचा.

सावधान: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या, कंपनीने दिलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा. खर्च झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

## २. इंजिनाची तब्येत

कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं घ्या, थ्रॉटल पूर्ण उघडून. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकड्यात दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आधी हेड उतरवा. टॅपेट सेट करा, टायमिंग चेन ढिली नाही ना बघा. इंजेक्शन लावल्यावर तेल खाणारं इंजिन तेल खायचं थांबत नाही, फक्त लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) लवकर खराब होतो.

## ३. मोजमाप

या टप्प्याला घाई नको. पुढचं निम्मं यश इथेच ठरतं.

पोर्ट आणि स्टड. बाजारातलं पॅकिंग साचा म्हणून वापरू नका. पॅकिंगची भोकं पोर्टापेक्षा मोठी आणि स्टडची भोकं ढिली कापलेली असतात. स्टड काढा, हेडचा चेहरा साफ करा, जाड कागद चिकटवा आणि बोटाने ग्रीस घासून पोर्टांच्या व भोकांच्या कडा उठवून घ्या. तो नुसता नकाशा झाला. खरी मापं व्हर्नियरने घ्या: पहिल्या भोकापासून प्रत्येक भोकाचं अंतर एकाच टोकाकडून मोजा. शेजारच्या भोकापासून पुढच्याचं, असं मोजत गेलात तर प्रत्येक वेळची छोटी चूक साठत जाते आणि शेवटचा स्टड आत जात नाही.

पाण्याची वाट. ही हमखास विसरली जाते. कित्येक जुन्या इंजिनांत कूलंट मॅनिफोल्डमधून फिरतं. सुझुकीच्या जी सिरीज इंजिनांत तर थर्मोस्टॅटचं घरच इनटेक मॅनिफोल्डवर असतं. जुना मॅनिफोल्ड काढल्यावर हेडच्या चेहऱ्यावर हवेच्या पोर्टांखेरीज आणखी एखादं भोक दिसतंय का ते बघा. दिसलं तर त्या पाण्याला नवी वाट द्यावी लागेल: फ्लँजवर वेगळं घर, थर्मोस्टॅट आणि बायपाससह. ते भोक नुसतं प्लेटने बंद केलं तर हेड तापून बसेल, आणि मे महिन्यात बीड बायपासला ट्रॅफिकमध्ये उभं राहिल्यावर ते लक्षात येईल.

जुन्या मॅनिफोल्डवरून निघणाऱ्या नळ्या. ब्रेक बूस्टर, डिस्ट्रिब्यूटरचा व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स, क्रँककेसचा पीसीव्ही (तिथली वाफ मॅनिफोल्डमध्ये परत नेणारी झडप), एसी असेल तर आयडल वाढवणारी नळी. जुना मॅनिफोल्ड उतरवण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येक नळीला चिकटपट्टी लावून नाव लिहा.

जागा. कार्बोरेटर काढल्यावर मोकळी दिसणारी जागा फसवी असते. हेडपासून फेंडरपर्यंत, वायपर मोटरपर्यंत, ब्रेकच्या मास्टर सिलिंडरपर्यंत अंतरं घ्या. बॉनेटची उंची मोजायला कणकेचे गोळे उत्तम. इंजिनावर चार-पाच ठिकाणी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले गोळे ठेवा, बॉनेट हळू लावा, उघडा आणि दबलेल्या गोळ्याची जाडी मोजा. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, त्यामुळे कुठल्याही स्थिर वस्तूपासून किमान २० ते २५ मिमी अंतर राहिलंच पाहिजे.

तपासणी: इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतील तर रेल एक्झॉस्टच्या बरोबर वर येतेय का? येत असेल तर मधे पत्र्याची ढाल लागेल. तिचीही जागा आत्ताच धरा.

## ४. हिशेब: चार आकडे पुरतात

रनरचा व्यास. रनर म्हणजे प्लेनमपासून (हवा साठवणाऱ्या डब्यापासून) एकेका सिलिंडरकडे जाणारा पाइप. हेडच्या पोर्टाचा आकार हा मूळ आधार. पण एकदा हवेचा वेग काढून बघा: पिस्टनचा सरासरी वेग गुणिले बोअरचं क्षेत्रफळ भागिले रनरचं क्षेत्रफळ. ८२ मिमी स्ट्रोकला ५००० आरपीएमवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १३.७ मीटर. रनर आतून ३५ मिमी असेल तर हवा साधारण ७९ मीटरने धावते, ३८ मिमीला ६७ मीटरने. रस्त्यावरच्या गाडीला ३५ योग्य. ‘मोठा पाइप म्हणजे जास्त ताकद’ ही समजूत डोक्यातून काढा. मोठ्या पाइपात खालच्या आरपीएमला हवा सुस्त होते आणि गाडी घाटात मरते.

रनरची लांबी. लांब रनर खालच्या आरपीएमला टॉर्क देतो, आखूड वरच्या. ४००० आरपीएमच्या आसपास टॉर्क हवा असेल तर व्हॉल्व्हपासून प्लेनमपर्यंत ४० सेमीच्या पुढे-मागे लांबी निघते. त्यात हेडच्या आतलं पोर्टही मोजायचं. एवढी जागा जुन्या गाडीत क्वचितच मिळते. बाहेर २५ सेमी बसले तरी समाधान माना. चारही रनर सारख्या लांबीचे ठेवणं हे त्यातल्या दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त महत्त्वाचं.

प्लेनम. इंजिनाच्या सीसीइतकं आकारमान धरून सुरुवात करा. आतून ८० मिमी व्यासाचा आणि ३६ सेमी लांबीचा गोल पाइप घेतला तर १.८ लिटर होतात, कॉन्टेसाला नेमके. चौकोनी डबा सोपा वाटतो, पण आयडलला आत साधारण ०.६ बारचा व्हॅक्यूम असतो. ४० बाय १२ सेमीच्या सपाट पत्र्यावर त्यामुळे जवळपास ३०० किलोचा दाब बाहेरून पडतो. पातळ पत्रा डबडब आवाज करत आत-बाहेर होतो आणि काही महिन्यांत वेल्डच्या कडेला तडा जातो. डबाच करायचा तर आतून पट्ट्या टाका. माझं मत विचाराल तर गोल पाइपच घ्या.

थ्रॉटल आणि इंजेक्टर. १.८ लिटरला ४२ ते ४८ मिमीची थ्रॉटल बॉडी भरपूर झाली. त्याहून मोठी घेतली तर पॅडलला पाय लावताच गाडी उसळते आणि शहरात चालवणं नकोसं होतं. इंजेक्टरसाठी ९० हॉर्सपॉवर धरू. ताशी हॉर्सपॉवरला अर्धा पौंड पेट्रोल, चार इंजेक्टर, आणि इंजेक्टर ८० टक्क्यांपर्यंतच उघडा राहावा असा हिशेब केला तर प्रत्येकी ताशी १४ पौंड, म्हणजे मिनिटाला सुमारे १५० सीसी येतात. हल्ली पंपावर ई२० मिळतं, त्याला साध्या पेट्रोलपेक्षा जास्त इंधन सोडावं लागतं. म्हणून ३ बारला १८० ते २०० सीसीचे घ्या. ४०० सीसीचे स्वस्तात मिळाले म्हणून लावू नका, आयडलला ते इतका कमी वेळ उघडतात की मिश्रण कधीच स्थिर होत नाही.

जुने इंजेक्टर घेतले असतील तर क्लीनिंग मशीनवर चारही एकत्र चालवून काचेच्या नळ्यांत किती पेट्रोल पडतं ते बघा. नळ्यांमधली पातळी नजरेला वेगळी दिसत असेल तर तो संच परत करा.

## ५. सामान

फ्लँजला ६०६१ अ‍ॅल्युमिनियमची १२ मिमी प्लेट. रनर आणि प्लेनमला ६०६१ किंवा ६०६३ चा पाइप, ३ मिमी भिंतीचा. ७०७५ किंवा २०२४ ची प्लेट भंगारात स्वस्त दिसेल, पण ती वेल्डिंगला चालत नाही, तडे जातात. विकणाऱ्याला ग्रेड सांगता येत नसेल तर तो माल सोडून द्या.

फिलर रॉड ईआर ४०४३ घ्या. वेल्डर ५३५६ पुढे करेल, कारण त्याच्याकडे ती पडलेली असते आणि ती ताकदीला सरस असते हे खरं. पण सतत ६५ अंशांपेक्षा जास्त तापमानात राहणाऱ्या कामाला ५३५६ चालत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॉनेटखाली एवढं तापमान रोजचंच.

अ‍ॅल्युमिनियमचा चांगला वेल्डर मिळत नसेल, हिंगोली-परभणीकडे तालुक्याच्या गावी तो मिळतोच असं नाही, तर माइल्ड स्टीलमध्ये बनवा. १० मिमीचा फ्लँज, २ मिमीचे पाइप. वजन वाढेल, आतून गंज येऊ नये म्हणून काळजी घ्यावी लागेल, पण चांगला वेल्ड केलेला स्टीलचा मॅनिफोल्ड गळक्या अ‍ॅल्युमिनियमपेक्षा केव्हाही बरा.

## ६. फ्लँज कापणे

मापांवरून ड्रॉइंग करून घ्या आणि लेझर किंवा वॉटरजेटवर कापा. पण थेट प्लेट कापू नका. आधी ३ मिमी एमएस पत्र्यात किंवा अ‍ॅक्रिलिकमध्ये एक नमुना कापून हेडवर चढवा. नमुन्याला जातील ते थोडे पैसे, प्लेट वाया गेली तर जाईल सगळंच.

एम ८ स्टडला ९ मिमीचं भोक ठेवा. हेड बिडाचं असेल तर ही सवलत आणखी गरजेची, कारण अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षा दुप्पट फुगतं. पोर्टाची भोकं हेडच्या पोर्टाएवढी किंवा केसभर लहान असावीत. मॅनिफोल्डचं भोक मोठं आणि हेडचं लहान असेल तर येणारी हवा हेडच्या कडेवर आदळते.

तपासणी: नमुना स्टडवर बसवून प्रत्येक नटावर रिंग पाना किंवा सॉकेट खरोखर लावून बघा, आणि त्याच वेळी रनरच्या जागी ३५ मिमीचा पाइप हातात धरा. पाना फिरत नसेल तर रनर कुठे वळवायचा ते आत्ता ठरतं, नंतर नाही.

## ७. डमी

प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप, एल्बो आणि गरम गोंद घेऊन अख्खा मॅनिफोल्ड गाडीवर उभा करा. थ्रॉटल बॉडी खरी लावा. अ‍ॅक्सिलरेटरची केबल कुठून येते, तिचा बाक किती, पॅडल पूर्ण दाबल्यावर थ्रॉटल पूर्ण उघडतो का आणि सोडल्यावर अडकत तर नाही ना, हे डमीवरच बघायचं. इंजेक्टर आणि रेलही हातात धरून त्यांची जागा खूण करा. डिपस्टिक बाहेर येते का? तेलाचं फिल्टर काढता येतं का? डिस्ट्रिब्यूटरचं कॅप निघतं का?

डमीवर बॉनेट लावून, गाडी सुरू न करता, इंजिन हाताने दोन्ही बाजूंना हलवा.

## ८. इंजेक्टरचे बुश

इंजेक्टरचा फवारा इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडला पाहिजे. पोर्टाच्या तळावर किंवा समोरच्या भिंतीवर पडला तर पेट्रोलचे ओघळ होतात, गाडी थंड असताना अडखळते. दिशा ठरवायला साधी युक्ती: फ्लँज हेडवर बसवा, इंजेक्टरच्या जागेतून एक सरळ सळई पोर्टात घाला. ती व्हॉल्व्हला जिथे टेकते तो कोन तुमचा.

बुश, म्हणजे इंजेक्टर ज्यात बसतो ती वेल्ड होणारी बाही, लेथवर २५ मिमीच्या बारमधून करा, पण आतलं भोक फिनिश मापाचं करू नका. टर्नर विचारेलच, ‘भाऊ, ओ-रिंगच्या मापाचं आत्ताच करून देऊ का? परत कशाला येता?’ नाही म्हणा. आत्ता १२ मिमीचं भोक ठेवा. वेल्डिंगच्या उष्णतेने बुश लंबगोल होतो. फिनिश माप आत्ताच केलं तर ओ-रिंग (इंजेक्टरभोवतीची रबरी कडी) एका बाजूला दबते आणि दुसऱ्या बाजूने हवा खेचते. चार इंजेक्टरपैकी एक-दोनच गळतात, त्यामुळे दोष शोधता शोधता नाकी नऊ येतात.

## ९. वेल्डिंग

रनर प्लेनममध्ये जिथे घुसतो तिथे तोंड गोल हवं, निदान ८ ते ९ मिमीच्या त्रिज्येचं. धारदार कापलेलं तोंड हवेला अडवतं. लेथवर तुतारीसारखी तोंडं फिरवून घेता येतात. तोंडासमोरची प्लेनमची भिंत रनरच्या व्यासाएवढी तरी दूर ठेवा.

आता क्रम:

१. सगळे तुकडे अ‍ॅसिटोनने पुसा, मग फक्त अ‍ॅल्युमिनियमसाठी राखलेल्या स्टेनलेस ब्रशने घासा. ज्या ब्रशने लोखंड घासलंय तो चालत नाही.

२. फ्लँज एका जुन्या हेडवर किंवा २५ मिमीच्या लोखंडी प्लेटवर सगळ्या बोल्टनी आवळा. तुमचं चांगलं हेड यासाठी वापरू नका.

३. रनर, बुश, प्लेनम यांना फक्त टाके मारा. टाक्यांवरच मॅनिफोल्ड गाडीवर नेऊन पुन्हा एकदा बॉनेट, पाना आणि केबल बघा.

४. परत प्लेटवर आवळून पूर्ण वेल्ड. एका रनरभोवती सलग गोल फिरू नका. १, ४, २, ३ असं आलटून-पालटून तुकड्या-तुकड्याने.

५. रनर फ्लँजला बाहेरून आणि पोर्टाच्या आतूनही वेल्ड करा. आतला वेल्ड नंतर घासून सपाट होईल.

६. बूस्टर, मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा), पेट्रोलच्या दाबाचा रेग्युलेटर, पीसीव्ही यांचे छोटे बुश प्लेनमवर वरच्या बाजूला लावा. खाली लावले तर त्यात पेट्रोल आणि तेल साठतं. बूस्टरची नळी एकाच रनरवर लावू नका. ब्रेक दाबताना हवा त्या एका सिलिंडरलाच जाईल.

७. काम प्लेटवरच पूर्ण गार होऊ द्या. पाणी ओतू नका. रात्रभर तसंच ठेवा.

सावधान: इनटेकच्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर प्लेनमच्या धातूत बसवू नका. गाडी बंद करून दहा मिनिटं उन्हात उभी राहिली की धातू तापतो, सेन्सर हवा पोळत असल्याचं सांगतो, ईसीयू पेट्रोल कमी करतं आणि गरम गाडी पुन्हा सुरू व्हायला रडते. त्याची जागा फिल्टर आणि थ्रॉटलच्या मधल्या नळीत.

## १०. वेल्डिंगनंतरचं मशीनिंग

प्लेटवरून सोडल्यावर फ्लँज थोडा वाकणारच. कितीही चांगला वेल्डर असो. म्हणून तर १२ मिमीची प्लेट घेतली.

व्हीएमसी किंवा मिलिंगवर फ्लँजचा चेहरा सपाट करा, पण मॅनिफोल्ड बांधताना क्लँपने जबरदस्तीने सरळ करून बांधू नका. तसं बांधून फेस मारला की क्लँप सोडताच तो पुन्हा पूर्वीच्या जागी वाकतो. खाली शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) देऊन, जसा आहे तसा टेकवूनच बांधायचा. त्याच सेटिंगवर थ्रॉटलचा चेहराही घ्या.

मग इंजेक्टरची भोकं रीमर किंवा बोरिंगने ओ-रिंगच्या मापाला आणा. बहुतेक इंजेक्टरांची ओ-रिंग १४ मिमीच्या आसपासच्या भोकात बसते, पण हातातला इंजेक्टर मोजल्याशिवाय माप देऊ नका. भोकाच्या तोंडाला छोटा चॅम्फर हवाच, नाहीतर इंजेक्टर घालताना ओ-रिंग कापली जाते.

तपासणी: फ्लँजवर स्ट्रेट एज ठेवा, लांबीत आणि दोन्ही कर्णांत. ०.०५ मिमीचं फीलर कुठेही सरकता कामा नये. ०.१० सरकत असेल तर परत मशीनवर. सिलिकॉन हा त्यावरचा इलाज नाही.

## ११. धुणे आणि गळती तपासणे

आतले वेल्ड घासताना पडलेला अ‍ॅल्युमिनियमचा चुरा कोपऱ्यात अडकतो आणि पहिल्या स्टार्टला थेट सिलिंडरमध्ये जातो. गरम पाणी, साबण, बाटलीचा ब्रश, मग हवेचा फवारा. तीनदा करा. शेवटी पांढरं फडकं आत फिरवून बघा.

फ्लँजला रबर लावून प्लेटने बंद करा, इंजेक्टरची भोकं बुचांनी बंद करा आणि एका नळीतून सायकलच्या पंपाने ०.३ ते ०.५ बार हवा भरा. पाण्याच्या टाकीत बुडवा. बुडबुडे जिथून येतील तिथे खडूने खूण करा, कोरडं करून तो भाग घासून पुन्हा वेल्ड करा. वरून नुसता लेप देऊ नका.

सावधान: कॉम्प्रेसरची ६-७ बारची नळी थेट लावू नका. बंद डब्यात एवढा दाब म्हणजे बुच गोळीसारखं उडतं.

## १२. पेट्रोलची बाजू

कार्बोरेटरला पेट्रोल पाव बारने मिळत होतं, इथे ३ बारने मिळणार. त्यामुळे जुनी नळी, जुने क्लिप, जुना मेकॅनिकल पंप काहीच उपयोगाचं नाही. मेकॅनिकल पंपाच्या जागी प्लेट आणि पॅकिंग लावून तोंड बंद करा. नळीवर एसएई जे३०आर९ लिहिलेलं बघून घ्या. आर७ ची साधी नळी दिसायला तशीच असते, पण इंजेक्शनच्या दाबासाठी बनवलेली नसते. जुन्या रबराला ई२० मुळे फुगवटा येतो, तेव्हा टाकीपासूनच्या सगळ्या नळ्या बदला.

रेल मॅनिफोल्डला ब्रॅकेटने घट्ट बांधा. ३ बार दाब प्रत्येक इंजेक्टरला साडेचार किलोच्या जोराने बाहेर ढकलतो. रेल नुसती इंजेक्टरांवर बसवली तर एक दिवस ती वर उचलली जाईल आणि पेट्रोल एक्झॉस्टवर पडेल. ब्रॅकेटखाली वायसर देऊन उंची अशी जमवा की बोल्ट आवळल्यावरही प्रत्येक इंजेक्टर बोटाने फिरला पाहिजे. ओ-रिंगला बसवताना स्वच्छ इंजिन ऑइलचा थेंब लावा, सिलिकॉन ग्रीस नको.

टाकी उघडून आत गंज बघा. गंज असेल तर आधी टाकी. पंपाच्या आधी जाळीचं फिल्टर, नंतर बारीक फिल्टर. जुन्या टाकीत आडव्या पट्ट्या नसतील तर पेट्रोल कमी असताना वळणावर पंप हवा ओढतो. छोटी सर्ज टाकी (पंपासाठी कायम भरलेली राहणारी मधली टाकी) लावली की ही कटकट मिटते. पंपाचा रिले ईसीयूकडून चालवा, थेट इग्निशनवरून नको. अपघातात इंजिन बंद पडलं तर पंपही बंद पडला पाहिजे.

तपासणी: इंजिन सुरू न करता पंप चालवा, गेजवर ३ बार येऊ द्या, बंद करा. टॉर्च घेऊन प्रत्येक जोड कोरड्या बोटाने चाचपा. जवळ अग्निशामक हवंच.

## १३. बसवणे आणि पहिला स्टार्ट

नवं पॅकिंग लावा. पोर्टात ते डोकावत असेल तर कापा. नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. एम ८ ला २० ते २५ न्यूटन मीटर पुरे, इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो घ्या.

चावी ऑन करा, इंजिन बंदच ठेवा, आणि मॅप सेन्सरचा आकडा बघा. तो बाहेरच्या हवेचा दाब असतो. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडं उंच आहे, तिथे साधारण ९५ किलोपास्कल यायला हवेत. नांदेडला सुमारे ९७. लॅपटॉपवर १०१ दिसत असेल तर सेन्सरचं कॅलिब्रेशन चुकलंय, तसंच पुढे गेलात तर अख्खा मॅप चुकेल.

सुरू झाल्यावर आयडलला मॅप ३० ते ४० च्या दरम्यान असावा. ५५-६० दाखवत असेल आणि आयडलिंग आपोआप वाढलेलं असेल तर कुठेतरी हवा खेचतेय. पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायची सवय गरम इंजिनावर आग लावू शकते. धुराच्या मशीनने शोधा.

लॅम्डाच्या गेजवर हवा-पेट्रोलचा आकडा वाचण्याऐवजी लॅम्डा (त्या इंधनाच्या आदर्श प्रमाणाशी तुलना) वाचा. साध्या पेट्रोलला १४.७ बरोबर असतात, ई२० ला साधारण १३.५. दोन्हीकडे लॅम्डा १ च असतो, त्यामुळे गोंधळ होत नाही.

लक्षणांवरून दोष ओळखायचे तर: आयडल नाचतंय पण वर गेल्यावर गाडी मस्त चालते, तर हवेची गळती. एकच सिलिंडर थंड आहे, तर त्याच्या इंजेक्टरची ओ-रिंग किंवा कनेक्टर. ब्रेक दाबल्यावर इंजिन बसतंय, तर बूस्टरमधला फाटलेला रबरी पडदा. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर आरपीएम उशिरा खाली येतंय, तर थ्रॉटलची केबल ताणलेली किंवा अडकत आहे का बघा. दुपारी गरम असताना सुरू होत नाही, तर हवेच्या तापमानाच्या सेन्सरची जागा.

शेवटचं काम फिल्टरचं. उघडा कोन फिल्टर रेडिएटरमागे लावला तर तो तापलेली हवा ओढतो. त्याला डब्यात घ्या आणि नळी पुढच्या ग्रिलपाशी न्या. आपल्याकडे पेरणीच्या आधी आणि ऊसतोडीच्या हंगामात काळ्या मातीची बारीक धूळ रस्त्यावर उडत असते. फिल्टर आणि थ्रॉटलमधला प्रत्येक जोड क्लिपने आवळा, कारण तिथून शिरलेली धूळ फिल्टरला चुकवून सरळ सिलिंडरमध्ये जाते. इंजिन चार-पाच वेळा पूर्ण तापून गार झालं की मॅनिफोल्डचे नट गार असताना पुन्हा टॉर्क रेंचने तपासा, आणि त्याच वेळी रेलच्या ब्रॅकेटचे बोल्टही.